कार्टूनवर पीएचडी म्हटल्यापासून बाबा बोलेनासे झालेत

पत्र थोडक्यात असं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक वाचक, वय २५. एमए इंग्लिश झालंय, पीएचडीची एन्ट्रन्स पास झालीये, आता सिनॉप्सिस द्यायचाय. टॉपिक ठरवलाय, 'डिस्नेच्या ॲनिमेशन चित्रपटांमधली स्त्री पात्रं'. गाईड सर म्हणाले, "एखादी कादंबरी बघ, हे व्हायव्हाला, तोंडी परीक्षेला जड जाईल." बाबा मराठी शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर, ते म्हणाले, "इथं मराठी शाळेत पोरं टिकवता टिकवता आमची नोकरी संपली आणि तू कार्टूनवर डॉक्टर होणार?" त्या दिवसापासून हा विषय घरात निघत नाही. नातेवाईकांना, अगदी आत्यालासुद्धा, ती नुसतं "इंग्लिशमध्ये करतेय" सांगते. आणि शेवटी लिहिलंय, "ताई, हे पिक्चर मी लहानपणी हिंदीत बघितले, टीव्हीवर, लाईट जायची तेव्हा अर्धेच राहायचे. इंग्रजीतले ओरिजिनल कॉलेजला आल्यावर पहिल्यांदा बघितले. मग मी कुठल्या तोंडानं यावर अभ्यास करू? आणि आवडतं म्हणून टॉपिक घेणं चूक आहे का? बदलून टाकू का?"

अगं, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. टॉपिक बदल. पण सर सांगतायत त्या कारणासाठी नको, आणि बाबा रागावलेत म्हणून तर अजिबात नको. माझं कारण वेगळंय, ते पुढं येईलच.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू धरूनच चाललीयेस, की कादंबरी म्हणजे वजनदार विषय आणि ॲनिमेशन म्हणजे हलका, आणि हलक्या विषयाला हात लावला की आपणही हलके ठरणार. सरांनी तेच धरलंय, बाबांनीही, आणि तू दोघांशी मनातल्या मनात भांडतेयस खरी पण तूही तेच धरलंयस, नाहीतर आत्याला टॉपिक सांगताना अडखळली नसतीस.

म्हणून एका माणसाबद्दल सांगते. स्टीफन जे गोल्ड, हार्वर्डला शिकवणारे पुराजीवशास्त्रज्ञ, गोगलगाईंवर आयुष्यभर काम, उत्क्रांतीच्या अभ्यासातलं मोठं नाव. या माणसानं १९७९ मध्ये मिकी माऊसवर लेख लिहिला. नुसतं मत नाही मांडलं, मिकीची वेगवेगळ्या काळातली चित्रं घेऊन मोजमाप केलं, डोकं शरीराच्या मानानं केवढं, डोळा डोक्याच्या मानानं केवढा. १९२८ ला 'स्टीमबोट विली'मध्ये आला तेव्हाचा मिकी काटकुळ्या हातापायांचा, टोकदार तोंडाचा आणि चांगलाच उपद्व्यापी होता, बोटीवरच्या जनावरांना पिळून ओढून त्यांच्यातून गाणं वाजवायचा. पुढच्या पन्नास वर्षांत त्याचं डोकं मोठं होत गेलं, डोळे मोठे झाले, कपाळ फुगलं, हातपाय जाड आणि आखूड दिसायला लागले. म्हणजे वय वाढत गेलं तसा तो लहान बाळासारखा होत गेला, आणि त्याच वेळी वागणंही सोज्वळ होत गेलं. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे कोनराड लोरेन्झ यांनी मांडलं होतं की मोठं डोकं, मोठे डोळे, फुगीर गाल बघितले की माणसाला आपोआप माया येते, गोल्डनी ते या उंदराला लावून दाखवलं. चित्र काढणाऱ्यांनी काही ठरवून शास्त्र वाचलं नव्हतं, लोकांना काय आवडतंय त्याकडे बघत बघत ते तिथं पोचले. आता मला सांग, यात हलकं काय आहे? उंदीर हलका असेल, प्रश्न हलका नाहीये.

त्याच्याही कितीतरी आधी रशियन दिग्दर्शक सर्गेई आयझेनस्टाईन यांनी १९४० च्या दशकात डिस्नेवर पानंच्या पानं लिहून ठेवली, त्यांना नवल वाटायचं ते या गोष्टीचं की रेषेनं काढलेलं शरीर कुठलाही आकार घेऊ शकतं, लांबतं, वितळतं, परत जागेवर येतं, आणि बघणाऱ्याला त्यात एक मोकळीक मिळते. ॲनिमेशनचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था, सोसायटी फॉर ॲनिमेशन स्टडीज, १९८७ ला सुरू झाली, तुझ्या जन्माच्या बऱ्याच आधी. तेव्हा तू काही नवीन खूळ काढलेलं नाहीस. यातलं काही सरांच्या कानावर आलं नसेल तर त्यांच्यावर रागवायचं कारण नाही, त्यांचं क्षेत्र दुसरं आहे, तूच त्यांना नेऊन दाखवायचंस.

आणि हे सगळं परदेशातच झालं असं समजू नकोस. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक फ्रेम हलवून फिल्म केली होती. मुंबईत सरकारी फिल्म्स डिव्हिजनचं कार्टून फिल्म युनिट १९५६ ला उभं राहिलं, तिथं डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स शिकवायला आले होते, ॲनिमेटर राम मोहन तिथंच घडले. आणि बाबांना एकदा विचार, दूरदर्शनवर 'एक, अनेक और एकता' लागायचं ते आठवतं का. त्यांच्या वयाच्या मास्तरांना आठवणार नाही असं होणारच नाही, आमच्या गल्लीत ज्या एका घरी टीव्ही होता तिथं दारात चपलांचा ढीग पडायचा. १९७४ ची ती फिल्म विजया मुळे यांची, ॲनिमेशन भीमसैन यांचं, आणि ती काढलीच होती मुलांना शिकवण्यासाठी. एका शिक्षकाला 'कार्टून' आणि 'शिक्षण' हे एकत्र येऊ शकतं हे तू सांगायची गरज नाही, त्यांनी ते डोळ्यांनी बघितलेलं आहे, फक्त आठवण करून द्यायला पाहिजे.

आता टॉपिक का बदल म्हणते ते ऐक. 'डिस्नेमधली स्त्री पात्रं' हे शेत फार जणांनी फार वेळा नांगरून झालंय. राजकन्या सुंदरच का, राजकुमाराची वाट का बघते, सावत्र आई वाईटच का, यावर जगभर इतकं लिहून झालंय की तुझा सिनॉप्सिस वाचणारा पहिल्याच पानावर म्हणेल हे माहितीये. ज्यांचं काम चमकलं त्यांनी काहीतरी बारीक, मोजता येणारं पकडलं. कार्मेन फॉट आणि कॅरन आयझेनहावर या दोन भाषाशास्त्रज्ञ बायकांनी २०१६ च्या सुमारास डिस्नेच्या राजकन्यांच्या पिक्चरमध्ये बोलतं कोण किती, हे अक्षरशः मोजलं. 'लिटल मरमेड'मध्ये ६८ टक्के बोलणं पुरुष पात्रांचं. 'मुलान'मध्ये, जिथं नायिका स्वतः लढायला जाते, तिथं ७७ टक्के. 'अलादीन'मध्ये ९० टक्के. आणि जुन्या पिक्चरमध्ये, ज्यांना आपण मागासलेले म्हणतो, 'स्नो व्हाइट'मध्ये जवळपास निम्मं निम्मं, 'सिंड्रेला'मध्ये बायकांचं ६० टक्के. 'फ्रोझन'मध्ये दोन्ही बहिणी मुख्य असूनही बायकांच्या वाट्याला ४१ टक्केच. नुसतं बघून हे कुणाला सुचलं नसतं, आपण म्हटलं असतं मुलान किती पुढारलेली. मोजल्यावर कळलं की नायिका शूर झाली पण तिच्या आजूबाजूचे सगळे, ड्रॅगन, सैनिक, सम्राट, पुरुषच राहिले. हे काम मला फार आवडतं कारण ते रागानं केलेलं नाहीये, ऐकून ऐकून केलंय.

आणि आता मी ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे ती. तू लिहितेस, मी हिंदीत बघितले, तुकड्यातुकड्यानं बघितले, मग मी कुठल्या तोंडानं. म्हणजे तुझ्या मते जे तुझं कमीपण आहे तेच माझ्या मते तुझं भांडवल आहे, आणि हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये.

रोझिना लिप्पी-ग्रीन नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९० च्या दशकात डिस्नेच्या २४ पूर्ण लांबीच्या ॲनिमेशन पिक्चरमधली ३७१ पात्रं घेतली आणि प्रत्येक पात्र कुठल्या ढंगाचं इंग्रजी बोलतं आणि ते चांगलं आहे की वाईट, हे लावून बघितलं. निघालं असं की परदेशी वळणाचं इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये वाईट पात्रांचं प्रमाण ठळकपणे जास्त. 'लायन किंग' आठव. राजा सिंह मुफासा आणि खलनायक स्कार सख्खे भाऊ, एकाच जंगलात वाढलेले, पण मुफासाला जेम्स अर्ल जोन्सचा अमेरिकन आवाज आणि स्कारला जेरेमी आयर्न्सचा ब्रिटिश. भाऊ भाऊ वेगवेगळ्या देशातल्यासारखे का बोलतात हा प्रश्न थिएटरमधल्या लहान मुलाला पडत नाही, पण कोण खलनायक आहे हे त्याला कानातूनच कळून गेलेलं असतं. १९९२ चा 'अलादीन' आला तेव्हा तर सुरुवातीच्या गाण्यातल्या ओळीवरून अरब-अमेरिकन लोकांनी तक्रार केली आणि पुढच्या वर्षी व्हिडिओवर काढताना ती ओळ बदलावी लागली.

आता हे सगळं घेऊन ये खानापुरात. तू घरात मराठी बोलतेस, तीसुद्धा आपल्याकडची, 'की' लावून बोललेली, जी पुण्याला गेल्यावर लोक परत परत ऐकून घेतात. शाळेत कन्नड शिकलीस, एसटी स्टँडवर कन्नड, बाजारात दोन्ही, टीव्हीवर हिंदी, कॉलेजात इंग्रजी. बोलण्यावरून माणूस कुठला, शिकलेला का अडाणी, आपला का परका, हे लोक कसं ठरवतात ते तुला पुस्तकातून शिकायचं नाहीये, तू रोज त्यातून जातेस. बेळगावच्या दुकानात शिरताना आपण कुठल्या भाषेत सुरुवात करायची हे आपण समोरच्याचा चेहरा आणि पाटी बघून क्षणात ठरवतो की नाही? हा कान न्यूयॉर्कमधल्या अभ्यासकाकडे नाहीये. तुझ्याकडे आहे.

मग प्रश्न असा घे की हे पिक्चर इंग्रजीतून हिंदीत येतात तेव्हा त्या आवाजांचं काय होतं. स्कारचं ब्रिटिशपण हिंदीत कसं आणतात, का आणतच नाहीत? २०१९ च्या 'लायन किंग'च्या हिंदी डबिंगमध्ये मुफासाला शाहरुख खानचा आवाज आहे, मुफासाच्या छाव्याला, सिंबाला, शाहरुखच्याच मुलाचा, आर्यनचा, आणि टिमॉन या विनोदी पात्राला आपल्या श्रेयस तळपदेचा. टिमॉन कुठली हिंदी बोलतो आणि मुफासा कुठली बोलतो, हे दोन्ही कानांना हेडफोन लावून नीट ऐक. विनोदी पात्राला कुठल्या गल्लीची भाषा मिळते, राजाला कुठली मिळते, खलनायकाच्या तोंडी कुठले शब्द जास्त पडतात. हाच प्रश्न आपल्या देशातल्या पिक्चरलाही लागतो, व्ही. जी. सामंतांचा २००५ चा 'हनुमान' घे, २०१२ ला थिएटरला लागलेला छोटा भीमचा दमयानवाला पिक्चर घे, राक्षस कसा बोलतो आणि राजा कसा बोलतो. इंग्रजी ओरिजिनलच खरा आणि आपण बघितलेला दुय्यम, हे तू कुठून तरी उचललंयस. कोट्यवधी मुलांसाठी हिंदीतला सिंबा हाच सिंबा आहे, आणि त्यांच्यावर जो काही परिणाम झाला असेल तो त्या आवाजानं झालाय.

आता बाबा.

मला तुझ्या बाबांचं वाक्य वाचून राग नाही आला, पोटात कालवलं. मराठी शाळेत पोरं टिकवता टिकवता नोकरी संपली, हे वाक्य सीमाभागातल्या कितीतरी मास्तरांच्या तोंडून निघालं असेल, पट कमी होत जाताना बघणं म्हणजे काय असतं हे बाहेरच्याला नाही कळणार. तुला वाटतं ते कार्टूनच्या विरोधात बोलतायत. मला वाटतं ते म्हणतायत की माझ्या आयुष्यभराच्या काळजीत तुझ्या अभ्यासाला जागा नाही का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत बघ, आणि दुसऱ्याला उत्तर आहे.

बाबांच्या शाळेतली पोरं चार-साडेचारला सुटली की घरी जाऊन काय ऐकायची? मराठी माध्यमात शिकणारं पोर घरी जाऊन डोरेमॉन हिंदीत बघतं, मोटू-पतलू हिंदीत बघतं, शेजारच्या घरात चिंटू टीव्ही लागलेला असेल तर कन्नडमध्ये बघतं. आणि मग अंगणात खेळताना छोटा भीम कोण, त्याच्याशी भांडणारा कालिया कोण हे मराठीत भांडून ठरवतं आणि एकदा का भीम झालं की हिंदीत बोलायला लागतं. हे मी आमच्या शेजारच्या पोरांचं कितीदा ऐकलंय, खेळाच्या आतली भाषा एक आणि खेळाच्या बाहेरची दुसरी. ढकललं, लागलं, रडायला आलं की परत मराठी. पोरांच्या कल्पनेतले शूर लोक कुठल्या भाषेत बोलतात, ही बाबांचीच काळजी आहे, त्यांनी ती शाळेच्या पटावर बघितली, तू ती टीव्हीसमोर बघणार आहेस. त्यांच्यापुढं हे असं मांड. 'कार्टूनवर करतेय' असं नको सांगूस, 'आपल्या गावातली पोरं कार्टून बघून कुठल्या भाषेत खेळतात ते शोधतेय' असं सांग, आणि मग त्यांना बोलू दे, मध्ये तोंड घालू नको.

एक सांभाळ मात्र. उत्तर आधीच ठरवून जाऊ नकोस. आपल्याकडे भाषेचा विषय निघाला की माणसं लगेच बाजू घेतात, आणि तुझा अभ्यास कुणाच्या तरी भाषणात वापरला जायला वेळ लागणार नाही. कन्नड घरातली पोरं पण घे. ती हिंदीत खेळतात का, हे बघितल्याशिवाय मराठीवरच काहीतरी कोसळलंय असं म्हणता येणार नाही. कदाचित निघेल की पोरांना तीन भाषा सहज खेळवता येतात आणि काळजीचं काही कारण नाही, तर तेही बाबांना सांगायची तयारी ठेव.

थोडं गाईड सरांबद्दल. ते टॉपिक हलका म्हणतायत असं तू वाचलंस, मी त्यांच्या वाक्यात भीती वाचली. व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक कोण मिळणार, तो काय विचारणार, आपल्याला उत्तर देता येईल का, ही गाईडची खरी अडचण असते. ती सोडवायला मदत कर. शोधगंगा या प्रबंधांच्या साईटवर जाऊन आपल्या देशात ॲनिमेशन, डबिंग, मुलांचे चित्रपट यावर कुठल्या विद्यापीठांत प्रबंध झालेत ते शोध, कुठल्या विभागात झालेत आणि गाईड कोण होते ते एका पानावर लिही, तिथूनच पुढं परीक्षकांची नावं निघतात. जादवपूरला फिल्म स्टडीजचा स्वतंत्र विभाग आहे, हैदराबादच्या इफ्लू विद्यापीठात भाषा आणि चित्रपट दोन्ही बाजूंनी काम चालतं, मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाईनच्या विभागात ॲनिमेशन शिकवतात, तिथल्या एखाद्या प्राध्यापकाला साधा ईमेल टाकायला काय जातंय. आणि सरांकडे रिकाम्या हातानं जाऊ नको. एक पिक्चर घे, त्यातली दहा मिनिटं घे, एकदा आवाज बंद करून बघ, एकदा चित्र न बघता नुसतं ऐक, मग इंग्रजी आणि हिंदी संवाद शेजारी शेजारी लिहून काढ, आणि त्यावर चार पानं लिही. ही चार पानं वाचून सुद्धा ते नाही म्हणाले तर मग को-गाईड घेता येईल का ते विचार, भाषाशास्त्र किंवा मास कम्युनिकेशनमधला. तेही नाही जमलं तर कादंबरी घेऊन पीएचडी करायची का थांबायचं, हा प्रश्न तेव्हा बघू. माझं मत विचारशील तर मनात नसलेल्या विषयावर पाच-सहा वर्षं काढणं फार अवघड, मी अर्ध्यात सोडलेली हुशार पोरं बघितलीयेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा टॉपिक दुसऱ्यानं दिलेला होता.

म्हणून आवडीचा प्रश्न. आवडतं म्हणून घेणं चूक नाही गं, पण आवड तुला दारापर्यंत नेते, आत गेल्यावर जे आवडतं त्यालाच अवघड प्रश्न विचारावे लागतात. ज्या गाण्यावर तू लहानपणी नाचलीस त्यातल्या माणसांना हसण्यावारी का नेलंय हे लिहावं लागेल. तेव्हा वाईट वाटेल. ते सहन होत असेल तर कर, आणि माझा अनुभव असा की खरी आवड त्यानं मरत नाही, उलट आपण त्या पिक्चरमधल्या बॅकग्राऊंडला पान हलतंय त्यावर सुद्धा खूष व्हायला लागतो.

पैशाचं आणि नोकरीचं बोलायलाच पाहिजे, कारण बाबांच्या रागात थोडा भाग त्याचाही असणार. नेट ही प्राध्यापकीची देशपातळीवरची परीक्षा दे, त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, नेटला तुझा पीएचडीचा टॉपिक कुणी विचारत नाही. आपल्या भागातल्या पोरांना एक गोष्ट उशिरा कळते म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते, केसेट, म्हणजे कर्नाटकची सेट, पास झालं तर ते कर्नाटकातल्या कॉलेजांसाठी चालतं, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी, आणि नेट देशभर. आपण बेळगावला राहून कोल्हापूरला पण अर्ज करणार आणि धारवाडला पण, तेव्हा नेट झालेली बरी, नाहीतर दोन्ही सेट देऊन ठेव. युजीसीच्या २०२२ च्या नियमात पीएचडीला कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ६ वर्षं आहेत, बायकांना वर २ वर्षांची जास्तीची सवलत, आणि २४० दिवसांपर्यंत मातृत्व-बालसंगोपन रजा. स्थळं बघताना "मग लग्नानंतर काय" असं कुणी म्हणालं तर हे माहीत असू दे. प्राध्यापकाची नोकरी लगेच मिळेल असं मी सांगणार नाही, ती कादंबरीवर केलेल्यांनाही लगेच मिळत नाहीये. पण डबिंगच्या संवादांवर इतकं बारीक काम केलेल्या मुलीला सबटायटल, डबिंगचं स्क्रिप्ट, मुलांसाठीचं लेखन ही कामं करता येतात, तीन-चार भाषा येत असतील तर जास्तच. आणि पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापतो म्हणणाऱ्या जर्नलवाल्यांच्या नादी लागू नको, कुणाचेही कितीही मेसेज आले तरी.

असाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं मला बऱ्याच जणांनी विचारलाय, कुणाला गेमवर अभ्यास करायचाय, कुणाला टीव्ही सिरीयलवर, निपाणीच्या एका मुलाला लग्नाच्या डीजेवर. सगळ्यांना सांगते, विषयाचं नाव सांगून लोकांना पटवायच्या मागं लागू नका, प्रश्न सांगा. 'मी गेमवर करतोय' म्हटलं की समोरचा हसणार, 'गेममध्ये पोरं अनोळखी माणसाशी कुठल्या भाषेत भांडतात ते बघतोय' म्हटलं की तोच माणूस खुर्ची ओढून बसतो आणि स्वतःच्या पोराचं सांगायला लागतो. एका ओळीत प्रश्न सांगता येत नसेल तर अजून टॉपिक तयार नाहीये, थांबा.

आत्याला पण हेच सांग गं. "इंग्लिशमध्ये करतेय" हे खोटं नाही, पण ते सांगून सांगून तुलाच त्या कामाची लाज वाटायला लागेल.

आता मुलांसोबत काम करणार असशील तर काही गोष्टी पहिल्या दिवसापासून नीट कर. आईवडिलांची लेखी संमती घे, मुलांची नावं कुठंही लिहू नको, व्हिडिओ करू नको, वहीत लिही. विद्यापीठात एथिक्स कमिटी असेल तर तिच्याकडून आधी मंजुरी घे, नसेल तर गाईडच्या सहीचं पत्र तरी ठेव. प्रबंधात पिक्चरमधली एखादी फ्रेम किंवा संवाद दाखवायला घाबरू नको, आपल्या कॉपीराईट कायद्याच्या कलम ५२ मध्ये संशोधन आणि समीक्षेसाठी तेवढी मोकळीक आहे, पण पूर्ण पिक्चर कुठून तरी उतरवून वाटायचा नाही. शाळेत जायचं असेल तर हेडमास्तर आणि एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या समितीची परवानगी लागेल, बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसलाही पत्र द्यावं लागेल, मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांच्या शाळा घेणार असशील तर दोन्हींकडे. बीईओ ऑफिसचा अर्ज कन्नडमधूनच कर, कशासाठी, किती दिवस, मुलांना त्रास काय होणार नाही हे सगळं त्यात आलं पाहिजे. आणि तो लिहून झाला की बाबांकडून तपासून घे, त्या ऑफिसला पत्र कसं लिहायचं हे त्यांच्याइतकं तुमच्या घरात कुणालाच येत नसणार.